मेडिक्लेमच्या एजंटाकडून काम कसं करून घ्यायचं

एजंटाला पहिला प्रश्न हप्त्याचा विचारला जातो. तो दुसरा ठेवा. एकच योजना कुठल्याही एजंटाकडून घेतली तरी हप्ता तेवढाच पडतो. त्याचं कमिशन कंपनी देते. पहिला प्रश्न असा हवा: गेल्या वर्षभरात किती क्लेम हाताळलेत, आणि आमच्या भागातल्या कुठल्या हॉस्पिटलांत? उत्तर देताना जो हॉस्पिटलची नावं आणि टीपीए डेस्कवरच्या (विम्याचे कागद हाताळणाऱ्या हॉस्पिटलातल्या खिडकीवरच्या) अडचणी सांगतो, तो कामाचा. ‘पहिल्या हप्त्यातले थोडे परत देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार अशी सूट देण्याला मनाई आहे. शिवाय कमिशन आधीच वाटून बसलेला माणूस क्लेमच्या वेळी किती धावेल, हा प्रश्न उरतोच.

एजंट कायद्याने कंपनीचा प्रतिनिधी असतो. ब्रोकर ग्राहकाचा, आणि तो अनेक कंपन्यांच्या पॉलिसी देऊ शकतो. चार योजनांची तुलना हवी असेल तर ब्रोकरकडे जा. जवळचा, हाकेला येणारा माणूस हवा असेल तर एजंट बरा.

खरी गडबड प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर होते. सही करून घेऊन ‘बाकीचं मी भरतो’ असं एजंट म्हणाला, तर फॉर्म परत मागून घ्या. आजारांविषयीच्या प्रश्नांपुढे तो सवयीने सगळीकडे ‘नाही’ लिहितो, कारण ‘हो’ लिहिलं की मेडिकल तपासणी लागते आणि पॉलिसी लांबते. बीपीची रोजची गोळी, थायरॉइड, दहा वर्षांपूर्वी काढलेला पित्ताशय, सिगारेट, सगळं लिहा. एजंटाला तोंडी सांगितलेलं कंपनीला कळलेलं नसतं आणि फॉर्मवरची सही तुमची असते. सांगितलेल्या जुन्या आजाराचा खर्च मिळायला जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं, हा प्रतीक्षा काळ. लपवलेला आजार केस पेपरवर सापडला तर क्लेम जातो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालली की लपवल्याचं कारण कंपनीला पुढे करता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. हप्ता रोख देऊ नका. थेट कंपनीच्या नावे भरा. कंपनीकडे पैसे पोचेपर्यंत जोखीम सुरू होत नाही.

पॉलिसी हातात आली की ३० दिवसांचा फ्री लुक असतो, म्हणजे पटली नाही तर परत करायची मुदत. त्या दिवसांत एजंटाला अर्धा तास बसवा आणि दस्त उघडून पाच गोष्टींवर बोट ठेवायला सांगा: जन्मतारखा, जाहीर केलेले आजार, खोलीभाड्याची मर्यादा, को-पे (बिलातला तुम्ही भरायचा ठरलेला वाटा), ठरावीक आजारांची वेगळी मर्यादा. ‘सगळं कव्हर आहे’ असं तो म्हणाला, तर कुठल्या पानावर ते विचारा आणि तेच व्हॉट्सॲपवर लिहून मागा.

खोलीभाड्यावर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. समजा विमा ५ लाखांचा आणि खोलीची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये. तुम्ही १०,००० ची खोली घेतली, ५ दिवस राहिलात. भाड्यातले २५,००० तुमच्याकडून जातात हे सगळ्यांना कळतं. पण मोठी खोली घेतली की बऱ्याच हॉस्पिटलांत सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे दरही चढतात, म्हणून कंपनी तेही त्याच प्रमाणात कापते. ते बिल १,६०,००० असेल तर ८०,००० कापले. एकूण १,०५,००० खिशातून. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर अशी प्रमाणशीर कपात लागत नाही. डिस्चार्जच्या हिशोबात ती तिथेही लावली असेल तर एजंटाला लगेच दाखवा.

दरवर्षी नूतनीकरणाच्या दोन महिने आधी एजंटाला तुम्हीच फोन करा. लग्न, बाळ, नवा पत्ता, बदललेला नॉमिनी, सगळं तेव्हाच नोंदवून घ्या. वार्षिक हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवलत मिळते आणि आधीची वर्षं वाया जात नाहीत, पण मधल्या खंडात आलेल्या आजारपणाचा खर्च मिळत नाही. कंपनी बदलायची असेल तर पोर्टचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी हवा. कमिशन जाईल म्हणून जुना एजंट ‘बघू, बघू’ करत दिवस काढू शकतो. नवी कंपनी पोर्ट मान्य करेपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका, आणि वाढवलेल्या रकमेला प्रतीक्षा काळ नव्याने लागतो हे लक्षात ठेवा.

ठरलेलं ऑपरेशन असेल तर एजंटाला दोन-तीन दिवस आधी कळवा. अचानक भरती झाली तर २४ तासांच्या आत. फोनबरोबर मेसेजही टाका, वेळेचा पुरावा राहतो. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने १ तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय द्यायचा असतो. हे तास हॉस्पिटलने कागद पाठवल्यापासून मोजतात, आणि कागद बहुतेकदा टीपीए डेस्कवरच पडून असतात. म्हणून एजंटाला कंपनीत फोन करायला लावण्याआधी डेस्कवर विचारायला लावा: अंतिम बिल आणि डिस्चार्ज समरी किती वाजता अपलोड केली? पैसे भरून मग मागायचे असतील तर मूळ बिलं देण्याआधी प्रत्येक कागदाचा फोटो काढा. एजंटाच्या डिकीत राहिलेली फाइल परत मिळेलच असं नाही.

एजंट काम सोडून गेला तरी पॉलिसी चालूच राहते. शाखेत दुसरा सेवा-एजंट मागा. क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात आणि फी लागत नाही. सोबत प्रपोजल फॉर्मची प्रत आणि ते व्हॉट्सॲपचे मेसेज छापून न्या.