जाम झालेलं शाफ्ट कपलिंग काढताना या चुका टाळा

खडकवासल्याच्या पाण्यावर छोट्या डिंगीत शीड हाकायला शिकलेल्या माणसाला इंजिनाशी कधी कामच पडत नाही. पुढे चौघांत मिळून मुंबईच्या बंदरात एखादी केबिनवाली शिडाची बोट घेतली, की डिझेल इंजिन, गिअरबॉक्स आणि पंखा फिरवणाऱ्या शाफ्टचा संसार गळ्यात येतो. ग्लँडचा (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या भागाचा) होज किंवा मागचं रबरी बेअरिंग बदलायची वेळ आली की शाफ्ट बाहेर काढावा लागतो, आणि तेव्हा कळतं की शाफ्टला गिअरबॉक्सशी जोडणारं कपलिंग जागचं हलत नाही.

त्याचं कारण साधं आहे. शाफ्ट स्टेनलेसचा, कपलिंग बहुधा साध्या पोलादाचं. ग्लँडमधून थेंब थेंब येणारं खारं पाणी फिरता शाफ्ट आजूबाजूला उडवत राहतो. पोलाद गंजतं, आणि गंजाला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळे बोअरमधली, म्हणजे कपलिंगच्या मधल्या भोकातली, फट भरून निघते आणि कपलिंग शाफ्टला घट्ट धरतं.

यावर पुणेकर बोटवाल्याचं ठरलेलं उत्तर असतं: "त्यात काय, भोसरीतला कुठलाही फिटर दोन मिनिटांत काढेल." काढेलही, पण त्याच्या प्रेसवर. बोटीत ते कपलिंग बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी), गिअरबॉक्सला लागून, हात जेमतेम पोचेल अशा जागी असतं. वर्कशॉपची सवय तिथे आणली की नुकसान होतं. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका त्याच सवयीतून होतात.

घण घालणे

कपलिंगचे बोल्ट न काढताच मागून हातोडा मारला, तर प्रत्येक ठोका थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो. बोल्ट काढून, कपलिंगच्या आणि गिअरबॉक्सच्या दोन फ्लँजांच्या (बोल्टने जोडलेल्या चकत्यांच्या) मधे छिन्नी घालून उचकटलं तर फ्लँजची तोंडं खराब होतात. ती तोंडं अगदी सपाट असणं हाच कपलिंगचा जीव आहे. तीन पायांचा पुलर लावायचा मोह होतो, पण पातळ फ्लँजच्या कडा पुढे ओढल्या जाऊन ती वाकते. बोटीतल्या जागेत तो पुलर नीट बसतही नाही, ते वेगळंच.

आधी काय काय धरून ठेवलंय ते न बघणे

ग्रब स्क्रू (कपलिंगला शाफ्टवर धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) नुसता सैल करून चालत नाही. त्याचं टोक शाफ्टवरच्या खड्ड्यात बसलेलं असतं, म्हणून तो पूर्ण बाहेर काढायचा. एक काढल्यावर त्याच भोकात टॉर्च मारून बघा, कधी कधी खाली दुसरा असतो. स्क्रूला बांधलेली लॉकिंगची तार असेल तर ती आधी कापा. काही जुन्या बोटींत कपलिंगमधून आरपार पिन ठोकलेली असते आणि वरच्या रंगाखाली ती दिसतच नाही, म्हणून वायर ब्रशने घासून सगळीकडून बघा. दोन भागांचं, बोल्टने आवळलेलं कपलिंग असेल तर बोल्ट काढून फटीत पाचर घातली की बरंचसं काम होतं.

आणि बोट पाण्यात असेल तर शाफ्टवर ग्लँडच्या पुढे, आतल्या बाजूला, एक मजबूत क्लँप आवळून ठेवा. कपलिंग सुटल्यावर शाफ्ट मागे घसरू लागला तर त्याला अडवणारं दुसरं काही नसतं, आणि तो निघून गेला तर त्याच भोकातून पाणी आत येतं.

घाई

शनिवारी पहाटे एक्सप्रेसवेने निघायचं आणि रविवारी रात्री परत यायचं, या हिशोबात गंज बसत नाही. भेदक तेल आदल्या फेरीलाच मारून ठेवा. मुरायला त्याला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. चावीच्या (शाफ्ट आणि कपलिंग सोबत फिरवणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) खाचेतून आणि ग्रब स्क्रूच्या भोकांतून ते आत जातं, म्हणून बाहेरून फवारण्यापेक्षा तिथे थेंब सोडा.

ओढण्यासाठी गिअरबॉक्सची फ्लँज वापरणे

खरी युक्ती ढकलण्याची आहे. शाफ्ट थोडा मागे सरकवायचा, त्याच्या टोकाशी बोअरमधून आरामात जाईल अशी गोटी (धातूचा छोटा गोल तुकडा) ठेवायची आणि जरा लांब हाय-टेन्साइल बोल्टांनी दोन फ्लँज एकमेकांकडे ओढायच्या. गोटी शाफ्टला मागे रेटते, कपलिंग पुढे येतं. बोल्टचे आटे संपले की जास्त लांबीची गोटी घालायची.

अनेक जण यात गिअरबॉक्सची फ्लँज टेकू म्हणून वापरतात. जोर जास्त लागला तर तीच वाकते, आणि ती बदलणं कपलिंगपेक्षा कितीतरी महाग पडतं. त्याऐवजी भोकांची मापं घेऊन भोसरीत 16 ते 20 मिमी जाडीची पोलादी प्लेट कापून, ड्रिल करून घ्या. वर्कशॉपचा खरा उपयोग इथे आहे. मापं दोनदा घ्या, नाहीतर परत दीडशे किलोमीटर. प्लेट आत घालण्याइतका शाफ्ट मागे सरकतो का, की पंखा सुकाणूला अडतो, हेही आधीच बघा.

बोल्ट समोरासमोरचे, पाव पाव फेरा आवळायचे. ताण बसला की थांबा. कपलिंगच्या नळीवर एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने आडवे, खणखणीत ठोके द्या. मग पुन्हा पाव फेरा. रात्रभर ताणावर सोडलेलं कपलिंग सकाळी आपणहून सुटलेलं अनेकांनी पाहिलंय.

शाफ्टसकट तापवणे

स्टेनलेस साध्या पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं: दर अंशाला मीटरमागे साधारण 16 मायक्रॉन, पोलाद 12. म्हणजे दोन्ही सावकाश, सारखंच तापवलं तर पकड उलट वाढते. झटकन फक्त कपलिंग तापवायचं आणि शाफ्टवर ओलं फडकं गुंडाळायचं. 25 मिमीचा बोअर 150 अंशांनी तापला तर 0.045 मिमी उघडतो, आणि गंजाची पकड मोडायला तेवढं पुष्कळदा पुरतं. पण ही ज्योत तुम्ही फायबरच्या बोटीत, रबरी होजजवळ आणि तेल मुरवलेल्या जागी पेटवताय. आधी तेल पुसा, बिल्ज कोरडं करा आणि गॅस साचलेला नाही याची खात्री करा. पेट्रोल इंजिनाच्या बोटीत ज्योत नकोच.

इतकं करूनही हललं नाही तर कपलिंगचा बळी द्या. चावीच्या खाचेवर त्याची भिंत सगळ्यात पातळ असते. तिथे ग्राइंडरने लांबीत चीर पाडून छिन्नीने उघडा, चावीला लागलं तरी चालेल. शाफ्ट आधीच झिजलेला असेल तर मात्र कपलिंग वाचवून शाफ्ट कापणं जास्त सोपं.

परत बसवताना

लेथवाल्याला पंपाच्या कपलिंगसारखं प्रेस-फिट, म्हणजे दाबून घट्ट, करायची सवय असते. त्याला स्पष्ट सांगा की ते लाकडी ठोकळ्याच्या हलक्या ठोक्याने बसलं पाहिजे. शाफ्टही सोबत न्या आणि त्यावर कपलिंग चढवूनच फेसिंग करून (तोंड सपाट करून) घ्या. बसवताना अँटी-सीझ (पुन्हा जाम होऊ न देणारं वंगण) लावा. अलाइनमेंट (दोन्ही फ्लँज एका रेषेत आणणं) बोट पाण्यात उतरवून एक-दोन दिवस झाल्यावरच करा, कारण जमिनीवर टेकूंवर ठेवलेल्या बोटीचा आकार किंचित वेगळा असतो. फीलर गेजने (मापाच्या पातळ पात्यांनी) फ्लँजांमधली फट चारही बाजूंनी मोजा. 100 मिमी व्यासाला फरक 0.1 मिमीच्या आत हवा. मग गिअरबॉक्स न हलवता शाफ्ट अर्धा फिरवून परत मोजा. मोठी फट शाफ्टबरोबर फिरली तर दोष इंजिनाच्या माउंटमध्ये नाही, कपलिंगच्या तोंडात किंवा वाकलेल्या शाफ्टमध्ये आहे.