कॉम्प्युटर सायन्समध्ये (सीएस) मास्टर्स करताय? कोर्स निवडायच्या आधी हे करा

अ‍ॅडमिशन झालं की बरेच जण थेट कोर्सची यादी उघडतात आणि मशीन लर्निंग, डीप लर्निंग असं आवडेल ते घेत सुटतात. तसं करू नका. आधी डिपार्टमेंटचं हँडबुक उघडा, तेही तुमच्या अ‍ॅडमिशनच्या वर्षाचं, कारण नियम मधूनमधून बदलतात आणि साधारणपणे तुम्ही ज्या वर्षी आलात त्या वर्षीचेच तुम्हाला लागू होतात. सीनियरची यादी कॉपी करण्यात हाच धोका आहे.

एकूण क्रेडिट किती हे लगेच सापडतं. अमेरिकेत सेमिस्टरवाल्या युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ३० च्या आसपास, म्हणजे ३ क्रेडिटचे १० कोर्स. युरोपात दोन वर्षांच्या मास्टर्सला १२० ईसीटीएस (हे तिथलं क्रेडिटचं माप), आणि एका ईसीटीएसमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. यूकेत सहसा एका वर्षात १८० क्रेडिट. मापंच वेगवेगळी आहेत, त्यामुळे १८० बघून घाबरू नका.

खरी मेख आहे ती या क्रेडिटच्या वाटणीत. बहुतेक ठिकाणी थिअरी, सिस्टिम्स, एआय असे गट असतात आणि प्रत्येकातून काहीतरी घ्यावंच लागतं, वर एका विषयात खोलात जाणारे कोर्स वेगळे, आणि बॅचलर्स लेव्हलचे कोर्स चालत असले तरी किती चालतील त्याला मर्यादा असते. आता समजा एकाने पहिल्या तीन सेमिस्टरमध्ये आठ कोर्स केले, बहुतेक सगळे एआयचे, मार्क पण छान. चौथ्यात बघतो तर थिअरीच्या गटात उरलेला एकच कोर्स, तो फक्त वर्षाच्या पहिल्या सत्रात शिकवतात, आणि त्याच्या आधी अल्गोरिदम्स झालेलं पाहिजे जे याने घेतलेलंच नाही. क्रेडिट ३० भरतील पण डिग्री मिळणार नाही, अख्खं सत्र थांबावं लागेल, फी वेगळी.

म्हणून एक साधी शीट बनवा. उभ्या रांगेत एकेक अट, आडव्या रांगेत सेमिस्टर, आणि प्रत्येक कोर्ससमोर दोन गोष्टी लिहा, तो वर्षातून कधी असतो आणि त्याच्या आधी काय लागतं. ज्या कोर्सची साखळी सगळ्यात लांब तो सगळ्यात आधी. एकच कोर्स दोन अटींमध्ये धरतात का हेही ऑफिसला विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या, तोंडी नको.

ग्रेडचं पण नीट वाचा. अमेरिकेत साधारणपणे ४ पैकी ३.० सरासरी टिकवावी लागते आणि काही ठिकाणी कोअर म्हणजे सक्तीच्या कोर्सला बी ग्रेड लागतोच, सी आला तर पास असूनही तो धरत नाहीत. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक युनिव्हर्सिटीच्या सीएसमधल्या ऑनलाइन मास्टर्सचं बघा, २०१४ पासून चालू आहे, तिथे पहिल्या १२ महिन्यांत दोन फाउंडेशनल कोर्समध्ये किमान बी मिळवावा लागतो. नोकरी करत शिकणाऱ्यांनी अशी मुदत पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर टाकावी.

थीसिस ऐच्छिक असेल तर निर्णय लवकर घ्या. पुढे पीएचडी किंवा रिसर्चचा विचार असेल तर थीसिस करा असंच मी सांगेन, नुसती नोकरी हवी असेल तर कोर्सवर्क किंवा प्रोजेक्ट पुरतो. पण थीसिसला आधी गाईड मिळावा लागतो, आणि चांगल्या प्रोफेसरांकडे जागा पटकन भरतात, म्हणून पहिल्या सेमिस्टरलाच त्यांचा एखादा कोर्स घ्या, त्यांचे दोन-तीन पेपर वाचा आणि मग नेमका प्रश्न घेऊन भेटा. "मला एआयमध्ये इंटरेस्ट आहे" एवढ्याने काही होत नाही. डिफेन्सची, म्हणजे प्रोफेसरांच्या कमिटीसमोर थीसिस मांडायची तारीख कमिटीतल्या सगळ्यांना एकत्र जमणारी लागते, त्यात आठवडे जातात.

आणि सगळं झालं तरी डिग्री आपोआप येते असं समजू नका, बऱ्याच ठिकाणी ग्रॅज्युएशनचा वेगळा अर्ज असतो आणि त्याची मुदत शेवटच्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच असू शकते. तो भरताना ऑफिसकडून डिग्री ऑडिट, म्हणजे कुठल्या अटी पूर्ण झाल्या आणि कुठल्या राहिल्या याची यादी, मागून घ्या, म्हणजे एखादी अट राहिली असेल तर कोर्स अ‍ॅड करायची मुदत असेपर्यंत कळेल.