चोरीच्या गुन्ह्यात वकील लावताय? पैशाच्या या चुका टाळा

पोलीस ठाण्यातून फोन आला की घरचे कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या न्यायसंकुलाकडे धावतात आणि भेटेल त्या वकिलाला विचारतात, ‘एकूण किती?’ घोळ इथंच होतो. रिमांड (कोठडीची सुनावणी), जामीन आणि खटला ही तीन वेगळी कामं. घाईत ठरलेल्या ‘एकूण’मध्ये जामीन होतो, पुढं दर तारखेला ‘ते वेगळं’ सुरू होतं. वकीलपत्रावर सही करण्याआधी प्रत्येक टप्प्याची फी टायपिंग-झेरॉक्ससकट कागदावर घ्या. अर्ज सत्र न्यायालयात न्यावा लागला तर किती, तेही लिहून घ्या. हायकोर्टासाठी मुंबईचा प्रवास-मुक्काम कुणी लावत असेल तर कारण विचारा; 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ) कोल्हापुरातच बसतं.

कलम न बघता फी कबूल करू नका. भारतीय न्याय संहितेत साधी चोरी कलम 303(2) खाली येते, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. राहत्या घरातली चोरी (305) किंवा नोकरानं मालकाच्या मालाची केलेली (306) असेल तर 7 वर्षांपर्यंत. साध्या चोरीत माल 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल तर गुन्हा जामीनपात्र, म्हणजे जामीन हक्कानं मिळतो. तिथं जामिनाची भारी फी कशाला? 303(2) मध्ये मालाचा मालक तयार असेल तर तडजोडही होते. तसं मिटलं तर खटल्याची फी किती धरणार, हे आधीच विचारा.

जामिनाची रक्कम म्हणजे वकिलाची फी नव्हे. रोख जामीन कोर्टात नाजराकडे (पैसे जमा करून घेणारा कर्मचारी) भरायचा आणि पावती स्वतःजवळ ठेवायची. केस संपल्यावर ते पैसे परत मागता येतात, पण पावती हरवली की हेलपाटे. सातबारावाला ओळखीचा जामीनदार असेल तर रोख भरायची गरज बहुधा पडत नाही. पैसे घेऊन उभा राहणारा भाडोत्री जामीनदार मात्र नकोच. कागद खोटे निघाले तर जामीन जातो, वर नवा गुन्हा.

‘साहेबांना द्यावे लागतात’ म्हणून मागितलेले पैसे ही लाच आहे, फी नाही. ‘सुटला तर इतके’ असा सौदा बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. आणि दोषारोपपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते.

पैसेच नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला आणि महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

तारीख चुकली की वॉरंट निघतं, ते रद्द करायला पुन्हा अर्ज, पुन्हा फी. वकिलाकडून केसचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घ्या आणि ई-कोर्ट्स ॲपवर तारीख स्वतः बघत जा.