अंगकोर, गाईड आणि वीस डॉलरची फाटकी नोट

धाकटी जाऊ जानेवारीत कंबोडियाला निघाली आहे आणि दिवसाआड तिचा फोन येतो, "ताई, काय काय घेऊ?" तेच तेच पाचदा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. आम्ही दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो, तेव्हा सिएम रीप गावी राहून अंगकोरची देवळं बघायला दोन दिवस गाईड घेतला होता. गाईड सोन्यासारखा मिळाला, माती आम्ही खाल्ली. म्हणून ही यादी गाईडपुरती आहे, बॅगेची नाही. पासपोर्ट, व्हिसा, विमा, टोपी, डासांचं मलम हे ज्याचं त्याने बघावं.

सगळ्यात आधी सुटे डॉलर. कपड्यांच्याही आधी. तिकडे त्यांचं रिएल चलन आहे, पण पर्यटकाचा बहुतेक व्यवहार डॉलरमध्ये चालतो. एका डॉलरला साधारण चार हजार रिएल, आणि डॉलरच्या खालचे सुटे रिएलमध्ये परत मिळतात. आपल्याकडचा मनी चेंजर हसतमुखाने शंभराच्या नोटा मोजून देतो, आपण त्या पाकिटात घालतो आणि काम झालं असं समजतो. काम झालेलं नसतं. त्याला एकच्या, पाचच्या, दहाच्या नोटा मागा. नाहीत म्हणाला तर दुसरा गाठा, आठवडाभर आधी सांगून ठेवा. आणि प्रत्येक नोट उजेडात धरून बघा. कडेला नखाएवढी चीर असली, शाईचा ठिपका असला, तरी तिकडे ती नोट कोणी घेत नाही. भाजीवालीसुद्धा दोन्ही बाजूंनी बघून परत देते.

आता गाईड निवडणं. अंगकोरच्या गाईडला तिथल्या पर्यटन मंत्रालयाचा परवाना लागतो, ओळखपत्र गळ्यात असतं. ते बघायला मागायला लाजू नका, त्यांना सवय असते. टुकटुकवाला, म्हणजे तिकडचा रिक्षावाला, वेगळा आणि गाईड वेगळा. टुकटुकवाला गोड बोलून "मीच सगळं सांगतो" म्हणाला तरी देवळात गाईड म्हणून येण्याचा परवाना त्याच्याकडे नसतो, तो बाहेर झाडाखाली झोळी बांधून झोपतो. म्हणजे पैसेही दोघांचे वेगळे, आणि बक्षिसीही दोघांची वेगळी. हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

ठरवताना फोनवर लिहूनच घ्या: किती तास, कोणती देवळं, पहाटेच्या सूर्योदयाचे जादा किती, बांते स्रेई या लांबच्या देवळाला जायचं तर जादा किती. इंग्रजी बोलणाऱ्या गाईडचे दिवसाचे तीस ते पन्नास डॉलर होतात, चार माणसांत ते काही फार नाहीत. घासाघीस एकदा, सुरुवातीला, हसत करा. दिवस संपल्यावर "आज दोनच देवळं झाली, थोडे कमी करा" हे करू नका. आमच्या शेजारच्या टेबलावर एक जण करत होता, आणि मराठीत बायकोला सांगत होता. मान खाली घालून चहा प्यायले. दुकानं नको असतील तर तेही सकाळीच सांगा. रेशमाच्या नाहीतर दगडी मूर्तींच्या दुकानात गाईडला टक्केवारी मिळते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आधी सांगितलं तर तो नेत नाही. तिथे पोचल्यावर तोंड वाकडं केलं तर दोघांचाही दिवस बिघडतो.

देवळांचा पास: एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तीन दिवसांचा घ्या, तो दहा दिवसांत कधीही वापरता येतो. पास सरकारी काउंटरवरच घ्या, फोटो काढून देतात, कार्ड चालतं. कार्ड चालतं म्हणून इथे कार्डच द्या, सुट्या नोटा इथे उधळू नका. त्या कशाला लागणार आहेत ते पुढे सांगते.

कपडे: खांदे झाकलेले, गुडघे झाकलेले. अंगकोर वाट या मुख्य देवळाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, ज्याला बाकान म्हणतात, तिथे हे नसेल तर जिन्याखालूनच परत. ओढणी गुंडाळून चालेल असं समजू नका. बारा वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत आणि बौद्ध सणवाराच्या दिवशी वरचा मजला बंद असतो, तेव्हा गाईडला तारीख विचारूनच दिवस ठरवा. हे काम त्याचं, त्याला करू द्या.

गाईड कशाला हवा, सगळं मोबाइलवर आहे की, असं आमच्याकडे दोघांचं मत होतं. पहिल्या तासातच ते मत गळून पडलं. अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे. आत शिरल्यावर आमचे सासरे सवयीने डावीकडे वळले, देऊळ उजव्या हाताला ठेवून, प्रदक्षिणेसारखे. गाईडने त्यांना हाक मारून थांबवलं आणि उजवीकडे नेलं. इथली शिल्पं उलट्या दिशेने वाचायची असतात, देऊळ डाव्या हाताला ठेवून. आपल्याकडे उलट फेरा कधी घालतात, त्याने विचारलं. सासरे एकदम गप्प झाले. बाराव्या शतकातल्या दुसऱ्या सूर्यवर्म्याने हे देऊळ बांधलं, विष्णूचं, आणि या उलट्या वाटेमुळेच काही अभ्यासक त्याला राजाच्या मरणानंतरच्या विधीशी जोडतात. हे फलकावर वाचून डोक्यात शिरलं नसतं. पाय उलटे वळले तेव्हा शिरलं.

मग कुरुक्षेत्र, शरपंजरी भीष्म. मग यमाच्या दरबारातले स्वर्ग नि नरक. मग पूर्वेच्या भिंतीवर जवळपास पन्नास मीटर लांब समुद्रमंथन. तिथे त्याने टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरका धरला, आणि असुरांच्या कपाळावरच्या आठ्या उठून आल्या. समोरून बघितलं तेव्हा सगळे एकसारखे वाटत होते. टॉर्च गाईडकडे असतो, पण आपलाही एक असू द्या, छोटा.

इथेच वागण्याचा मुद्दा येतो, कारण इथेच आपली माणसं सुटतात. रामायण-महाभारत आपल्याला पाठ. लंकेच्या लढाईसमोर उभं राहिलं की गाईडने तोंड उघडायच्या आत आपण चालू. त्यांचं रामायण रीमकेर आहे, त्यात हनुमानाला सेतू बांधताना अडवणारी सोनेरी मत्स्यकन्या भेटते आणि पुढे बरंच काही होतं. सासरे म्हणाले, "असं काही नाही रामायणात." तो बिचारा हसून म्हणाला, "आमच्यात आहे." हे तीनदा झालं. चौथ्यांदा त्याने मत्स्यकन्या गाळली, आणि नुकसान आमचं झालं. त्याचं आधी पूर्ण ऐका, मग आपलं सांगा. त्यालाही आवडतं ऐकायला. बांते स्रेईला, दहाव्या शतकातल्या त्या गुलाबी दगडाच्या देवळात, कैलास हलवणारा रावण आहे. तिथे आम्ही त्याला मोबाइलवर वेरूळचा तोच रावण दाखवला. तो फोन हातात घेऊन किती वेळ बघत होता! तेव्हा वेरूळचे दोन-चार फोटो काढून ठेवा, नेट नसलं तरी दिसतील असे. बांते स्रेईला टुकटुकने तासाहून जास्त लागतो, कंबर बांधून जा.

"हे सगळं आपलंच" हे वाक्य मात्र घरी ठेवून जा. ता प्रोहम या तिथल्या देवळाच्या दुरुस्तीत भारतीय पुरातत्त्व खात्याचा हात आहे, तेवढा अभिमान पुरे.

नमस्कार त्यांचाही हात जोडूनच, त्याला संपिया म्हणतात. जितका माणूस मानाचा तितके हात वर. कुणाच्या, अगदी लहान मुलाच्याही, डोक्यावर हात ठेवायचा नाही. आपल्याकडच्या आजी-आजोबांना हे फार अवघड जातं, आधी दोनदा सांगून ठेवा. भिक्खूंना बायकांनी स्पर्श करायचा नाही. आणि पहिल्या पाच मिनिटांत "तुमच्या घरातलं कोण गेलं पोल पॉटच्या काळात?" असं विचारायचं नाही. १९७५ ते १९७९ या त्याच्या राजवटीच्या चार वर्षांत तिथल्या जवळपास प्रत्येक घरातलं कोणीतरी गेलं आहे. आमच्या गाईडने दुसऱ्या दिवशी जेवताना आपण होऊन सांगितलं, दोनच वाक्यांत. विचारलं असतं तर कदाचित सांगितलं नसतं.

वेळ. साडेचार म्हणजे साडेचार. आम्ही पावणेपाचला खाली आलो, मग टोपीसाठी पुन्हा वर, आणि सूर्योदयाच्या तळ्याकाठी पुढची रांग गेली. तो काही बोलला नाही. ते बोलत नाहीत, म्हणून आपल्याला कळत नाही.

जेवण: शाकाहारी असाल तर पहिल्याच सकाळी सांगा, आणि "मांस नको" एवढ्यावर भागत नाही. माशाचा सॉस आणि प्रहोक, म्हणजे आंबवलेल्या माशांचं वाटण, भाजीतही असतं. गाईडकडून ख्मेरमध्ये, म्हणजे तिथल्या भाषेत, चिठ्ठी लिहून घ्या, तो नसेल तेव्हाही कामाला येते. दुपारी तो वेगळा बसून जेवला तर ओढून आणू नका. एकदा विचारा, बस.

आता नोटा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आम्हाला हॉटेलच्या पडवीत सोडायला आला. ठरलेले पैसे हॉटेलमार्फत आधीच दिले होते, राहिली होती बक्षिसी. मी पाकीट उघडलं तर आत शंभराच्या तीन नोटा आणि वीसची एक. वीसची दिली. त्याने दोन्ही हातांनी घेतली, उजेडात धरली, मधल्या घडीवर अंगठा फिरवला. घडीवर चीर होती, पाव इंचाची. त्याने ती दोन्ही हातांनीच परत दिली आणि म्हणाला, काही हरकत नाही, राहू द्या. हे धावत काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने फाटकी घेतली नाही आणि शंभराचे सुटे तिच्याकडे नव्हते. एटीएमने शंभराचीच नोट दिली. पहाटेचं विमान होतं. शेवटी खिशातले चुरगळलेले रिएल, पाच डॉलरसुद्धा भरले नसतील, आणि घरच्या चिवड्याचं एक पाकीट असं त्याच्या हातावर ठेवलं. खोलीत आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, दुपारी नारळपाण्याचे पैसे कुणी दिले?" त्यानेच दिले होते. आमच्याकडे सुटे नव्हते म्हणून. पाच नारळ. आणि टुकटुकवाला तर खालच्या खाली निघून गेला होता, त्याला काहीच नाही.

तर सुट्या नोटा. दोन पाकिटं घरूनच करून न्या, एक गाईडचं, एक टुकटुकवाल्याचं, वर नाव लिहून. त्यांना हात लावायचा नाही, समोर कितीही सुंदर पंखा विकायला आला तरी. किती घालायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही यंदा ठरलेल्या पैशांच्या दहा-पंधरा टक्के धरले असते. तिसऱ्या पाकिटात एक-एकच्या नोटा: नारळपाणी, टुकटुकच्या फुटकळ फेऱ्या, ताडगुळाच्या वड्या. गाईड आपल्यासाठी खिशात हात घालतोय असं दिसलं की आपला हात आधी गेला पाहिजे.

बाकीचं भराभर. पाणी प्रत्येकी दोन बाटल्या. दुपारी बारा ते तीन हॉटेलवर पडून राहा, गाईडही तेच सांगेल. बूट सहज निघणारे. पाऊस जानेवारीत नसतो. देवळाच्या दारात पोरं पोस्टकार्ड विकतात, त्यांच्याकडून घेऊ नये, शाळा बुडते. गाईडही नको म्हणतो. गाईडचा फोटो काढायचा तर विचारून, आणि नंबर दुसऱ्या कुणाला द्यायचा तर तेही विचारून. परत आल्यावर फोटो पाठवते म्हणालात तर पाठवा.

विमानतळ २०२३ पासून नवा आहे आणि गावापासून चांगला लांब, तासभर धरा. गाडी आदल्या रात्री सांगून ठेवा. त्या गाडीवाल्यालाही सुटेच लागतात.