मेसचे जेवण आणि बारा तासांची अभ्यासिका: खाणे-व्यायाम टिकवायचा कसा

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांचे दिवस बहुतेक एकाच साच्यातले असतात. सकाळी अभ्यासिका, बाराच्या सुमारास मेस, चारला चहा आणि वडापाव, साडेआठला पुन्हा मेस, मग रात्री एक-दीडपर्यंत पुस्तक. या दिवसात सोमवारी सुरू केलेला व्यायाम गुरुवारी बंद पडतो आणि खापर इच्छाशक्तीवर फुटते. बहुतेक वेळा इच्छा असते. त्या व्यायामाला दिवसात जागाच दिलेली नसते. मेसची वेळ, अभ्यासिकेची वाट, चहाची सुट्टी या खुंट्या मात्र आधीच ठोकलेल्या आहेत. खाणे आणि व्यायाम त्यांनाच अडकवायचा, नवे वेळापत्रक करायला जायचे नाही. लातूर, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वसतिगृहातही हेच लागू पडते, वेळा तेवढ्या इकडच्या तिकडे.

१. तीन दिवस नुसते लिहा

वहीच्या शेवटच्या पानावर तीन दिवसांची नोंद करा. किती वाजता काय खाल्ले, किती चहा झाले, सलग किती वेळ बसलात, किती वाजता झोपलात. या तीन दिवसांत सुधारायचा प्रयत्न करू नका, नाहीतर नोंद खोटी होते. नंतर तीन गोष्टी शोधा.

पहिली, उठल्यापासून पहिल्या खऱ्या जेवणापर्यंतचे अंतर. चहा-खारी किंवा क्रीमरोल हे यात धरायचे नाही. दुसरी, रात्रीच्या जेवणापासून झोपेपर्यंतचे अंतर. साडेआठला जेवून दीडला झोपणाऱ्याला साडेबाराला भूक लागणारच, तो काही हावरेपणा नाही. तिसरी, चहातली साखर. एक चमचा साखर म्हणजे ४ ते ५ ग्रॅम. दोन चमच्यांचे पाच चहा झाले की ४० ते ५० ग्रॅम साखर पोटात गेली. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास थांबायला सांगते. चहा सोडायची गरज नाही. दोन चहा तसेच ठेवा, बाकीचे कमी साखरेचे सांगा किंवा वगळा.

२. मेस बदलू नका, ताट बदला

मेसला नावे ठेवण्यात वेळ जातो. बदललेली मेसही दोन महिन्यांनी तशीच वाटू लागते. त्यापेक्षा ताटात काय कमी आहे ते पाहा. बहुतेक मेसमध्ये चपाती-भात भरपूर, भाजीत बटाटा आणि तर्री जास्त, वरण पातळ. कमी पडतात दोन गोष्टी: प्रथिने आणि कच्च्या भाज्या.

हिशेब करून बघा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेले प्रमाण आहे वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने. म्हणजे ६० किलो वजनाच्या मुलाला रोज सुमारे ५० ग्रॅम, ५० किलोच्या मुलीला ४१-४२ ग्रॅम. चार चपात्या (१२ ग्रॅम), वाटीभर भात (३), वाटीभर पातळ वरण (३), भाजी (२) मिळून एका वेळेला ढोबळ २० ग्रॅम. दोन वेळचे ४०. दोनच चपात्या खाऊन उठणाऱ्या मुलीच्या वाट्याला २८ च्या आसपास. तूट १० ते १४ ग्रॅमची आहे आणि ती डबाभर महागड्या पावडरीशिवाय भरून निघते:

- दोन उकडलेली अंडी: १२ ग्रॅम
- मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणे आणि तेवढेच फुटाणे: १३ ग्रॅमच्या आसपास
- पेलाभर दूध आणि वर मूठभर फुटाणे: १२-१३ ग्रॅम
- मेसमध्ये मटकी, चवळी किंवा हरभऱ्याची उसळ असेल त्या दिवशी दुसरी वाटी मागून घ्या आणि एक चपाती कमी करा

जोर-बैठका मारायला लागलात की गरज थोडी वाढते. तेव्हा यातले दोन प्रकार रोज ठेवा.

कच्च्या भाज्यांसाठी खोलीत एक सुरी आणि एक ताटली पुरते. काकडी, गाजर, टोमॅटो, मुळा धुऊन, कापून डब्यात घालून मेसमध्ये घेऊन जा. सोबत अर्धे लिंबू. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाजीतले लोह शरीरात जास्त शोषले जाते. चहातले टॅनिन याच्या उलट करते, म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळावा असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. मेसमधून उठून थेट टपरीवर जायची सवय इथे नडते. विशेषतः मुलींना, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. सारखी मरगळ येते ती दर वेळी अभ्यासाच्या कंटाळ्याने येते असे नाही.

३. रविवारची संध्याकाळ आणि रात्रीचे साडेबारा

आठवडाभर ठीक चाललेले खाणे या दोन जागी हमखास घसरते. रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद. दुपारी जास्त झाले म्हणून संध्याकाळी काही ठरवलेले नसते आणि रात्री नऊला भूक लागली की समोर चायनीजची गाडी उभी असते. ही भूक दर रविवारी येते. मग तिची सोय शनिवारीच करून ठेवायला काय हरकत आहे?

चूल नसलेल्या खोलीतही जमतील असे पदार्थ मराठी घरात आधीपासून आहेत. दडपे पोहे घ्या: दोन वाट्या पातळ पोहे, एक बारीक चिरलेला कांदा, एक टोमॅटो, अर्धी वाटी ओला नारळ (नसेल तर भाजलेल्या दाण्यांचे कूट), मिरची, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर. सगळे एकत्र करून पंधरा मिनिटे दडपून ठेवा. कांदा-टोमॅटोच्या पाण्यात पोहे मऊ होतात, फोडणी नसली तरी चालते. नारळ मात्र ताजाच हवा, उन्हाळ्यात तो दुपारपर्यंत आंबतो. दही-पोहे याहून सोपे. सातूचे पीठ असेल तर चार चमचे पीठ ताकात मीठ-जिरे घालून किंवा दुधात गूळ घालून कालवा, दोन मिनिटांत पोट भरते. रात्री साडेबाराच्या भुकेलाही हेच, निम्म्या प्रमाणात, किंवा एक केळे आणि मूठभर फुटाणे.

इंडक्शन शेगडी असेल तर मोड आलेली मटकी ठेवा. पाव वाटी मटकी सकाळी भिजत घाला, रात्री पाणी काढून ओल्या फडक्यात सैल बांधा, दुसऱ्या दिवशी सकाळी मोड आलेले असतात. थंडीत आणखी अर्धा दिवस लागतो. फडके घट्ट बांधले किंवा उन्हाळ्यात मधे धुतली नाही तर मटकी चिकट होते, वास येतो. ती टाकूनच द्या. चांगले मोडही वाफवून खा, कच्च्या मोडांतून पोट बिघडू शकते.

घरून आलेला चिवडा-शेवेचा डबा उशाशी ठेवू नका. कपाटात वरच्या खणात ठेवा आणि खायचा तेव्हा वाटीत काढून घ्या. डब्यातून थेट खाताना किती खाल्ले याचा पत्ता लागत नाही.

४. व्यायाम इतका छोटा ठेवा की टाळायला लाज वाटावी

प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम असे आहे. १५० मिनिटे ऐकून छाती दडपते, पण अभ्यासिकेला भरभर चालत जायला-यायला दहा-दहा मिनिटे आणि रात्री मेसनंतर दहा मिनिटांची शतपावली एवढ्यावर पाच दिवसांत ती पूर्ण होतात. एकच अट, चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये इतका वेग हवा. हातात मोबाइल धरून रमतगमत चाललेले यात धरू नका.

खोलीतला व्यायाम दहा मिनिटांचा:

- ६ सूर्यनमस्कार, संथ
- १५ बैठका, मिनिटभर थांबून पुन्हा १५
- ५ जोर दोनदा. जमत नसतील तर भिंतीला किंवा पलंगाच्या कडेला हात टेकवून
- प्लँक (कोपरे आणि पायांची बोटे टेकवून अंग सरळ ताठ धरणे) २० सेकंद, दोनदा

खोलीत जागा नसेल किंवा सोबती झोपलेला असेल तर गच्ची. पहिले दोन आठवडे आकडे वाढवायचे नाहीत, जमत असले तरी. योजना सगळ्यात जास्त वेळा इथेच फसते: उत्साहात पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारल्या जातात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, चौथ्या दिवशी सुट्टी आणि मग कायमचीच. तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला जोर १-२ आणि बैठका ३-४ वाढवा. रविवारी सकाळी पर्वती किंवा तळजाईची टेकडी. पर्वतीच्या पायऱ्या न थांबता चढता येतात का, एवढी एक चाचणी महिन्यातून एकदा पुरे.

जिमला जायचे असेल तर जरूर जा, पण वर्षाचे पैसे सवलतीच्या मोहाने एकदम भरू नका. महिन्याचे भरा. आणि पोलिस भरतीची तयारी करणाऱ्यांनी वरच्या दहा मिनिटांवर विसंबू नये. मुलांचे १६०० मीटर आणि मुलींचे ८०० मीटर धावणे यासाठी मैदानावर वेगळा सराव लागतो.

बसण्याबद्दल एक साधी युक्ती: दोन लिटरची बाटली टेबलावर ठेवण्याऐवजी अर्ध्या लिटरची ठेवा. ती संपली की उठावेच लागते.

५. ‘जमेल तेव्हा’ ऐवजी ‘जेव्हा-तेव्हा’

‘उद्यापासून व्यायाम करेन’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण त्यात वेळ नाही आणि जागा नाही. त्याऐवजी ‘दात घासून झाले की चटईवर उभा राहीन’, ‘मेसचे ताट ठेवले की डावीकडे वळून चौकापर्यंत चालत जाईन’ अशी वाक्ये लिहा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा नेमक्या निश्चयांवर पुष्कळ काम केले आहे. प्रसंग आधीच ठरलेला असला की त्या क्षणी मनाशी वाद घालावा लागत नाही. एका वेळी दोनच वाक्ये घ्या, एक खाण्याचे, एक व्यायामाचे. ती अंगवळणी पडल्यावर तिसरे.

२१ दिवसांत सवय लागते, हे ऐकून बाविसाव्या दिवशी निराश होऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोष्ट आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्याच अभ्यासात दिसले की एखादा दिवस चुकल्याने सवयीचे फारसे बिघडत नाही. म्हणून नियम एकच ठेवा: सलग दोन दिवस चुकवायचे नाहीत. कॅलेंडरवर रोज फुली मारा, मोबाइलमधल्या ॲपपेक्षा भिंतीवरचे कॅलेंडर जास्त टोचते.

रोज वजन करू नका. पाणी, मीठ, मासिक पाळी यांनी ते किलोभर सहज वर-खाली होते आणि उगाच मन खट्टू होते. जोर किती झाले, दुपारी पुस्तकावर डुलकी किती वेळा आली, याची नोंद जास्त खरी. जोडीदार असेल तर उत्तम. पैज मात्र वजनावर लावू नका, हजेरीवर लावा.

झोपेचेही यातच आले. पाच तास झोपून खाण्यावर ताबा ठेवणे अवघडच, कमी झोपेने भूक वाढते आणि गोड-तळलेलेच खावेसे वाटते. व्यायामासाठी झोप कापावी लागत असेल तर सकाळचा व्यायाम सोडा आणि संध्याकाळच्या चहाची वेळ व्यायामाला द्या.

६. वाईट आठवड्याची योजना आधीच लिहा

परीक्षा पुढे ढकलली, निकालात नाव नाही, गणपतीला गावी गेलात. घडी विस्कटते ती अशा वेळी, आणि हे प्रसंग वर्षातून अनेकदा येतात. त्यासाठी व्यायामाचे तीन आकार ठरवून ठेवा. पूर्ण: वरची दहा मिनिटे आणि चालणे. अर्धा: फक्त चालणे. किमान: ३ सूर्यनमस्कार, बस. किमान दिवसालाही कॅलेंडरवर फुली तशीच मोठी. गावी असाल तर खाण्याचे नियम गुंडाळून ठेवा, आईच्या हातची पुरणपोळी मोजत बसणे हा करंटेपणा आहे. शतपावली तेवढी सोडू नका. परत आल्यावर ‘भरपाई’ म्हणून उपाशी राहू नका, रात्री त्याचे उट्टे निघतेच.

महिनाभर नीट खाऊन-झोपूनही थकवा जात नसेल तर डॉक्टरांना भेटा, हिमोग्लोबिन आणि ब१२ तपासायचे का ते विचारा. व्यायाम करताना छातीत दुखले, चक्कर आली, किंवा पाळी थांबली तर व्यायाम थांबवून आधी दवाखाना. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, जेवण नकोसे झाले किंवा खाऊन उलटी काढावीशी वाटू लागली तर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही.

परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात व्यायाम निम्मा करा, बंद करू नका. नवा पदार्थ, नवी मेस, नवे एनर्जी ड्रिंक यातले काही त्या दिवसांत सुरू करायचे नाही. पेपरच्या सकाळी रोजचेच पोहे किंवा उपमा, केंद्रावर पोहोचण्याच्या दीड-दोन तास आधी, सोबत एक केळे. चहा रोज एक घेत असाल तर एकच.