रोजची कामे सावकाश आणि मन लावून कशी करावीत

दात घासणे, अंघोळ करणे, भांडी घासणे, कपड्यांच्या घड्या घालणे, अंथरूण आवरणे, केर काढणे अशा कामांत रोज बराच वेळ जातो, पण रात्री दिवस आठवू लागलो तर त्यांतले एकही काम नीटसे आठवत नाही. हात काम उरकत असतात आणि मन पुढच्या कामाची जुळवाजुळव करत असते. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढांना दिवसभरात मधूनच फोनवरून विचारले जाई की, या क्षणी आपण काय करत आहात, मन कुठे आहे आणि कसे वाटते आहे. सुमारे ४७ टक्के वेळा त्यांचे मन हातातल्या कामात नव्हते आणि अशा वेळी लोक एकंदरीत कमी आनंदी होते. मन एखाद्या सुखद विचारात रमले असले, तरी हातातल्या कामात असताना वाटे त्याहून अधिक आनंद त्यांना वाटत नव्हता. म्हणून रोजच्या कामांतून आनंद हवा असेल, तर नवे छंद किंवा नवी साधने शोधण्याआधी मन हातातल्या कामावर आणावे, असे मला ठामपणे वाटते.

सुरुवात एकाच कामापासून करावी. सगळा दिवस संथ करण्याचा संकल्प फार काळ टिकत नाही, कारण दिवसाच्या बऱ्याचशा भागावर आपली सत्ता नसते. काम असे निवडावे, जे तसेही रोज करावेच लागते, जे पाच-दहा मिनिटांत होते, ज्यात हात गुंतलेले असतात आणि जे करताना कोणी आपल्यासाठी ताटकळत उभे नसते. भांडी घासणे या दृष्टीने उत्तम आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ५१ विद्यार्थ्यांना भांडी घासायला दिली होती. त्यांतल्या काहींनी आधी पाण्याचा स्पर्श, साबणाचा वास आणि भांड्यांचा हाताला होणारा स्पर्श यांकडे लक्ष देण्याविषयीचा उतारा वाचला, तर इतरांनी भांडी कशी घासावीत याच्या साध्या सूचना वाचल्या. पहिल्या गटातल्या विद्यार्थ्यांची अस्वस्थता कमी झाल्याचे आणि स्फूर्ती वाढल्याचे आढळले. दुसऱ्या गटात तसा फरक दिसला नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि कानाशी चाललेले बोलणे किंवा गाणे बंद करावे. एरवी गाणी ऐकत काम करण्यात काही वावगे नाही, मात्र या एका कामापुरते दुसरे काही जोडीला असू नये. मग क्षणभर थांबून समोरच्या पसाऱ्याकडे नीट पाहावे आणि पहिले मिनिटभर हात मुद्दाम संथ ठेवावेत. काम रेंगाळत करावे असा याचा अर्थ नव्हे. पहिल्या मिनिटाची संथ लय हाताला एकदा सापडली की पुढे वेग आपोआप योग्य राहतो आणि एकूण वेळ फारसा वाढतही नाही. पाणी कोमट आहे की गार, तेलकटपणा जाताना बोटांखालचा स्पर्श कसा पालटतो, स्वच्छ झालेल्या भांड्यावरून बोट फिरवताना कसा आवाज येतो, याकडे लक्ष द्यावे. घड्या घालताना शिवणीवर शिवण जुळवावी, उन्हात वाळलेल्या कापडाची ऊब तळहाताला लागू द्यावी. शेवटचे भांडे जागेवर गेले की लगेच पाठ फिरवू नये. झालेले काम चार-पाच श्वासांइतका वेळ पाहावे. ही शेवटची पायरी बहुतेकांकडून गळते आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे, कारण काम पूर्ण झाल्याचे समाधान तिथेच पदरात पडते.

मन भटकेल, आणि ते वारंवार भटकेल. भटकल्याचे ध्यानात आले की स्वतःला न रागावता पुन्हा हाताच्या स्पर्शाकडे यावे. किती वेळा मन भटकले याची मोजदाद ठेवू नये, कारण मोजदाद सुरू झाली की आनंदाच्या जागी परीक्षा येते.

जेवणालाही हीच रीत लागू पडते. पोट भरल्याचे संकेत मेंदूपर्यंत नीट पोहोचायला साधारण २० मिनिटे लागतात, त्यामुळे भराभर जेवणाऱ्याला तृप्ती कळण्याआधीच जेवण संपलेले असते. निदान पहिले पाच घास पडद्याकडे न पाहता, एक घास पूर्ण चावून झाल्यावरच दुसरा घेत खावेत.

दोन कामांमधली फट हा भाग फारसा कोणी विचारात घेत नाही. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ साली दाखवून दिले की, एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा काही अंश आधीच्या कामातच अडकून राहतो. म्हणून काम बदलताना दोन मिनिटे मोकळी ठेवावीत. या वेळेत चार सेकंद श्वास आत घ्यावा आणि सहा सेकंद सोडावा. अशा रीतीने मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, त्यामुळे उच्छ्वास लांबवणे शरीराला शांत करते. श्वास रोखून धरू नये आणि चक्कर आल्यासारखे वाटल्यास नेहमीसारखा श्वास घ्यावा.

काही दिवसांनी या कामातली गोडी ओसरल्यासारखी वाटेल. सुखद गोष्टीची सवय होऊन तिची धार बोथट होणे हा मनाचा स्वभावच आहे. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७१ सालीच त्याची मांडणी केली होती. अशा वेळी काम बदलण्याऐवजी लक्षाचा विषय बदलावा. काल स्पर्शाकडे लक्ष दिले असेल तर आज आवाजाकडे द्यावे.

सवय जडायला किती दिवस लागतात, याविषयी घाई नको. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, परंतु व्यक्तीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. ठरलेल्या खुणेला काम जोडले की ते आठवणीत राहते. उदाहरणार्थ, रात्रीचे जेवण आटोपताच भांडी.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. घरातल्या एकाच माणसावर सगळ्या कामांचा भार पडत असेल, तर त्याला ‘मन लावून करा, आनंद मिळेल’ असे सांगणे अन्यायाचे आहे. तिथे आधी कामांची वाटणी करावी आणि विश्रांतीची वेळ ठरवावी. दीर्घकाळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर केवळ या उपायांवर विसंबून न राहता डॉक्टरांशी बोलावे. ज्यांच्यापाशी थोडी सवड आहे, त्यांनी पहिले काम आपसूक सावकाश होऊ लागल्यावरच दुसरे निवडावे, आणि तेही शक्यतो दिवसाच्या वेगळ्या वेळचे, म्हणजे पहिले रात्रीचे असेल तर दुसरे सकाळचे.