वाई-पाचगणीचे घाट रोड बाईकवर: मार्ग, गिअर आणि उतार

वाईभोवतीची रोड बाईकची, म्हणजे पातळ टायरच्या सायकलची, राईड आखताना किलोमीटर किती हे नंतर बघा, आधी चढ किती ते बघा. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे आणि पाचगणी १,३०० मीटरच्या जवळपास. हा फरक पसरणी घाटाच्या दहा-बारा किलोमीटरमध्ये भरून काढायचा असतो, म्हणजे सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आसपास. आकडा ऐकायला सौम्य वाटतो, पण मध्ये दम खायला सपाटी जवळजवळ नाही. त्यामुळे सपाट रस्त्यावर शंभर किलोमीटर आरामात करणारेही इथे पहिल्या अर्ध्या तासातच ढेपाळतात.

पहिला दिवस कृष्णाकाठी काढा. गणपती घाटावरून निघायचं. तिथल्या ढोल्या गणपतीचं देऊळ सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. त्याची मागची भिंत मत्स्याकार आहे, पुराचं पाणी फुटून बाजूने जावं म्हणून. तीनेक किलोमीटरवर मेणवली: नाना फडणवीसांचा वाडा, नदीवरचा दगडी घाट आणि १७३९ च्या वसई मोहिमेतून आलेली मोठी घंटा. तिथून पुढे धोम. नरसिंहाच्या देवळाच्या आवारात कमळाच्या आकाराचा हौद आहे आणि कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. हे न बघता धरणाकडे जाऊ नका. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर होतात. चढ किरकोळ आहेत, म्हणून सीटची उंची, ब्रेक आणि गिअर तपासायला हाच रस्ता योग्य. धोमच्या वर बलकवडी आणि जोरच्या दिशेने जायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. नकाशात जोरहून महाबळेश्वरला जाणारी रेघ दिसते ती पायवाट आहे. रोड बाईक तिथून वर जात नाही, आल्या वाटेनेच परतावं लागतं.

मुख्य राईड दुसऱ्या दिवशी: वाई, पसरणी घाट, पाचगणी, करहर, कुडाळ (सातारा जिल्ह्यातलं), पाचवड आणि परत वाई. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. ही फेरी याच दिशेने करावी, असं आमचं ठाम मत आहे. पसरणी घाट सकाळी रिकामा असतो, पण दहानंतर, त्यातही शनिवार-रविवारी, पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. त्या रांगेतून उतरताना सतत ब्रेक दाबून राहावं लागतं आणि वळणावर ओव्हरटेक करणारी गाडी अचानक अंगावर येते. करहरकडच्या रस्त्याला वाहनं कमी. म्हणून उजाडताच वाई सोडा, पसरणीने चढा आणि करहरने उतरा.

चढासाठी पुढे ३४ दात्यांची चेनरिंग (पॅडलजवळचं दातेरी चक्र) आणि मागे ३२ किंवा ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) हवी. ३४-३२ वर मिनिटाला ६० फेरे पॅडल मारलं तर वेग ताशी सुमारे ८ किलोमीटर पडतो, आणि या घाटात नवख्याला नेमका तोच लागतो. मागे २८ च असेल तर तेवढ्याच फेऱ्यांना ९ च्या वर वेग ठेवावा लागतो. तो जमला नाही की पॅडल जड होतं आणि सगळा ताण गुडघ्यावर येतो. पसरणी गाव ओलांडल्यावर (शाहीर साबळे याच गावचे) पहिले दोन किलोमीटर मुद्दाम हळू घ्या. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले तर वेग जास्त झालाय. ठरावीक लयीत चढणाऱ्याला ५० ते ७० मिनिटं लागतात.

नागमोडी वळणाची आतली बाजू सर्वात उभी असते. वळण डावीकडे असेल तर ते यायच्या आधीच एक गिअर हलका करा. चढावर जोर लावलेला असताना गिअर बदलला की चेन उडते. चढ टाळायला उजवीकडे सरकू नका, कारण एसटीला वळायला अख्खा रस्ता लागतो. बस येताना दिसली की डाव्या कडेला थांबावं आणि तिला जाऊ द्यावं. घाटात माकडं आहेत, केळी काढायला तिथे थांबू नये.

पाचगणीत नाश्ता करा, पण पोटभर मिसळ चेपू नका. पोहे आणि चहा पुरे. राईडभर ताशी ५० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, म्हणजे साधारण दोन मोठी केळी, किंवा एक केळं आणि राजगिऱ्याची चिक्की. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या, त्यातल्या एकीत लिंबू, मीठ, साखर. पाय शिल्लक असतील तर महाबळेश्वर १९ किलोमीटरवर आहे, पण तो रस्ता खालीवर होत जातो आणि गर्दीचा आहे. त्याऐवजी भिलारला, पुस्तकांच्या गावाला, जाऊन परत येणं आम्हाला जास्त पटतं. हिवाळ्यात तिथे शेतातली स्ट्रॉबेरीही मिळते.

उतारावर अपघात होतात ते बहुतेक ब्रेक चुकीच्या जागी दाबल्यामुळे. वेग वळणाआधी, सायकल सरळ असतानाच कमी करा. वळणात ब्रेक सोडून द्या. हात हँडलच्या खालच्या भागावर, नजर वळण जिथे संपतं तिथे. ब्रेक सलग घासत ठेवू नका. जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा. रिम ब्रेकमध्ये (जे चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर दाबतात) सलग घासण्याने रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. कार्बन रिमला हा धोका अधिक. डिस्क ब्रेकचे पॅड तापून गुळगुळीत होतात आणि पकड जाते. निघण्यापूर्वी पॅड बघा. १ मिलिमीटरच्या आसपास उरले असतील तर बदलूनच निघा. टायर २८ मिलिमीटरचे, वजन ७० किलोच्या आसपास असेल तर हवा मागे ८० आणि पुढे ७५ पीएसआय. सावलीतल्या वळणांवर ओला पाला आणि खडी असते, तिथे सायकल कलती करू नये. पाचवडला महामार्गावर चढू नका, वाईचा रस्ता धरा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ, मात्र तेव्हाच उसाचा हंगाम असतो. भुईंजच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि त्यांच्या मागच्या दिव्यांचा भरवसा नसतो. मागची ट्रॉली डोलते, बाहेर आलेला ऊस खांद्याला लागू शकतो. ओव्हरटेक करताना भरपूर अंतर सोडा. बाभळीच्या काट्यांमुळे दोन ट्यूब, टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी) आणि पंप जवळ असावाच. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर नवी ट्यूबही लगेच पंक्चर होते. पावसाळ्यात धुकं, शेवाळ आणि दरडी. तेव्हा घाटात जाऊच नका. रंगपंचमीला बावधनची बगाड यात्रा असते, त्या दिवशी तो भाग टाळा.

पुण्याहून सायकलनेच येणाऱ्यांनी महामार्गावरच्या खंबाटकी घाटाचा विचार सोडावा. तिथे ट्रकच्या जोडीने चढावं लागतं. कापूरहोळला महामार्ग सोडून भोर आणि तिथून मांढरदेवमार्गे वाईत उतरा. मांढरदेवचा चढ पसरणीपेक्षा कठीण आहे, म्हणून बाटल्या भोरमध्येच भरून घ्या. पौष महिन्यात काळूबाईच्या यात्रेची गर्दी असते आणि एरवीही मंगळवार-शुक्रवारी भाविकांच्या गाड्या असतात, तेव्हा दुसरा वार निवडा.